सेविंजची परीक्षा आणि माझं तिळाचं तेल

मी ऑस्ट्रेलियात अकरा महिने राहिले आणि त्यातला प्रवास झाला तीन दिवसांचा. बाकीचे सगळे दिवस सिडनीच्या हॅरिस पार्कात, लेकीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, नातवाची दुपटी वाळत घालण्यात गेले. पुण्याला परतल्यावर मैत्रिणींनी काय काय पाहिलंस म्हणून विचारलं, तेव्हा मी दोन महिने ऑपेरा हाउसवर वेळ मारून नेली. ते मी ट्रेनच्या काचेतून पाहिलं होतं, आणि चष्मा पुसेपर्यंत ते मागे गेलं होतं. सांगण्यासारखे खरे ते तीनच दिवस. पण त्यांत माझी अशी काही शोभा झाली, की ती कागदावर उतरवायला आत्ता कुठे धीर आलाय.

हॅरिस पार्क

करोनाच्या पहिल्या वर्षी, फेब्रुवारीत, मी मृणालच्या बाळंतपणासाठी गेले. बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. हाताशी वेळ होता, डोक्यात सल्ले होते आणि बॅगेत घाण्यावरच्या तिळाच्या तेलाच्या दोन बाटल्या. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं बाटली उघडून वास घेतला आणि हे कशासाठी म्हणून विचारलं. मालीश, सगळ्यावर उपाय, असं मी सांगितलं. त्यानं गंभीरपणे मान डोलावली. इतका समजूतदार माणूस मला त्या देशात पुन्हा भेटला नाही.

मार्चमध्ये नातू झाला आणि पाठोपाठ देशाचे दरवाजे बंद झाले. माझं मे महिन्याचं परतीचं विमान रद्द झालं. मृणाल म्हणाली, "नो वरीज आई, तू राहा." म्हणताना तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

एका सकाळी मी गॅलरीत गेले, तर समोरच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर, एक मुलगी कठड्यावर पाय टाकून उभी. काळेभोर केस, अंगात पातळ बंडी. मला वाटलं, पोरगी उडी मारतेय. लॉकडाऊनमध्ये माणसं खचतात हे मी फोनवर भरपूर वाचलं होतं. मी मराठीतच ओरडले, की अगं असं करू नकोस, घरी आईबाप असतील. तिनं शांतपणे तो पाय खाली घेतला आणि दुसरा वर टाकला. तो तिच्या कानाला लागला. तोवर आमच्या इमारतीतली चार बिऱ्हाडं गॅलरीत आली होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती.

"आई, ती जिमनॅस्ट आहे," मृणाल आतून म्हणाली. "वॉर्म-अप करतेय. प्लीज आत ये."

माफी मागायला मी डब्यात शिरा घेऊन गेले. तिनं दारातून घेतला आणि काचेच्या चिमुकल्या पेल्यात चहा दिला, सोबत चेरीचं गोड काहीतरी बशीत. चहात साखर नाही. ते गोड तोंडात धरायचं आणि वरून चहा प्यायचा. त्याला ती मुरब्बा म्हणाली. मी म्हटलं, आमच्याकडे मुरांबा. मग हवा, दुनिया, साबण असे शब्द दोघींकडे निघत गेले आणि उरलेलं आम्ही मोडक्या इंग्रजीत भागवलं. तिचं नाव सेविंज. गाव बाकू, देश अझरबैजान. तो देश नकाशात नक्की कुठे आहे हे मला माहीत आहे असं मी तिला सांगितलं, आणि घरी येऊन जावयाला विचारलं.

ती ऱ्हिदमिक जिमनॅस्ट होती. चेंडू, हूप म्हणजे मोठं कडं, रिबन घेऊन संगीतावर करतात ते. आमच्या पिढीनं ते टीव्हीवर पाहिलं की 'रिबिनीचा नाच' म्हणून चॅनेल बदललेलं. एका क्लबात लहान मुलींना दोन महिने शिकवायला ती जानेवारीत सिडनीला आली आणि माझ्यासारखीच अडकली. क्लब बंद, विमानं बंद. ती भाड्याच्या खोलीत पलंग उभा करून सराव करायची.

मे संपता संपता तिला बाकूहून निरोप आला. देशाच्या पाच जणींच्या संघातली एक जागा रिकामी झाली होती. तीन मुलींची परीक्षा होणार होती. दोघी तिथल्या जिममध्ये, आणि सेविंज फोनच्या पडद्यावर. एकदाच, थेट, हूप आणि चेंडू. त्यासाठी तिला अडीच मजले उंच छताची जागा हवी होती. बागेत वाऱ्यानं हूप भरकटायचा, आणि सिडनीतली सगळी जिम अजून बंद होती. आता घेतलं नाही तर पुन्हा नाही, असं तिच्या कोचनं स्पष्ट सांगितलं होतं. सेविंजचं वय चोवीस. आमच्याकडे त्या वयात मुलगी पुढं काय करायचं ते ठरवत असते. तिच्या खेळात ती म्हातारी होती.

तिनं हे सांगितलं आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, माझा भाचा शिरीष आडगावात डॉक्टर आहे, त्याच्या गावात हॉल आहे. शिरीषच्या गावात हॉल आहे की नाही याची मला काडीमात्र कल्पना नव्हती. त्याला फोन केला तेव्हा तो आधी हसला, मग एका बाईशी बोलून सांगतो म्हणाला, आणि तासाभरात त्याचा होकार आला. सिडनीबाहेर जायची बंदी जूनच्या सुरुवातीला उठणारच होती. सेविंजनं माझे दोन्ही हात धरले. त्या क्षणी मला मी फारच कर्तबगार बाई वाटले.

नमनाला घडाभर तेल झालं, आता निघते.

रेल्वेत

निघताना मी दोघींच्या तळहातावर दही घातलं. सेविंजनं ते चाटून खाल्लं आणि मृणालला म्हणाली, आम्ही फाटकाबाहेर पडलो की मागून पाणी ओत. त्यांच्याकडे म्हणे जाणाऱ्या माणसामागे पाणी टाकतात, पाण्यासारखं सुखरूप जा आणि ये म्हणून. मृणालनं दुसऱ्या मजल्यावरून तांब्या रिता केला. ते पाणी तळमजल्यावरच्या गुजराती काकांच्या वर्तमानपत्रावर पडलं. आम्ही पॅरामॅटा स्टेशनपर्यंत मागे न बघता चालत गेलो.

गाडीत लोक एकेक बाक सोडून बसले होते. मास्क कुणाच्याच तोंडाला नव्हता. माझ्या तोंडाला ब्लाउजपीसचे दोन होते, हातात भांडी घासायचे पिवळे मोजे होते आणि पिशवीत सॅनिटायझरची अर्ध्या लिटरची बाटली. तिकीट तपासायला आलेल्या माणसानं मला विचारलं, की तुम्ही ठीक आहात ना? मी अंगठा वर केला. मोज्यामुळे तो त्याला लांबूनही दिसला असावा.

ब्लू माउंटन्स चढताना आधीच्या उन्हाळ्यातल्या वणव्यात जळालेलं रान लागलं. काळीठिक्कर झाडं, आणि त्यांच्या थेट बुंध्यांतून फुटलेली कोवळी पालवी. फांद्या फुटायची वाटही न बघता झाड जिथून जमेल तिथून हिरवं झालं होतं. डोंगराच्या पलीकडे मोकळी कुरणं, मेंढ्या, पत्र्याची घरं. बरीच वर्षं दुष्काळ होता आणि नुकताच पाऊस झालाय, असं शिरीष म्हणाला होता. सगळं ओलं हिरवं दिसत होतं. आपल्याकडे एवढ्या जागेत तीन तालुके आणि दहा साखर कारखाने बसले असते.

मी तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. सेविंजनं एक उकडलेलं अंडं आणि अर्धं सफरचंद खाल्लं. मी नऊ पुऱ्या खाल्ल्या आणि तिची हकीकत ऐकली.

पाच वर्षांची असताना आईनं तिला हॉलमध्ये नेऊन सोडलं. आई नर्स, घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून. दहाव्या वर्षापासून रोज सकाळ-संध्याकाळ सराव. सतराव्या वर्षी संघात. दोन वर्षं ती पाचांतली एक होती. मग गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली, आणि परत आली तेव्हा तिच्या जागी दुसरी होती. त्यानंतर ती राखीव. राखीव मुलगीही सगळ्यांसारखा अंबाडा घालते, तेच झगमगीत कपडे घालते, तेवढाच मेकअप करते आणि गालिच्याच्या कडेला बसते. चार वर्षांत ती अकरा देशांत बसून आली होती.

मी तिला विचारलं, मग सोडलं का नाही? ती म्हणाली, "पाच जणींचं काम मला पाठ आहे, मावशी. कुणाचीही जागा दे, मी करीन. फक्त जागा नाही."

शिरीषनं मला फोनवर मावशी म्हटलेलं ऐकून तिनं तेच उचललं होतं. मीही चौतीस वर्षं एका खुर्चीवर बसले, पण ती खुर्ची माझी होती. आजारपणात महिनाभर गेले नाही तरी तिथे कुणी बसलं नाही, आणि काम अडलंही नाही. हे तिला सांगावंसं वाटलं, पण तेवढं इंग्रजी जमेना.

शिरीषचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या सगळ्यांनी मला पिवळ्या मोज्यांत पाहिलंय. ऑरेंज शहराच्या पुढे उतरायचं, एक मोठा रस्ता, एक बेकरी, एक दवाखाना. शिरीष माझ्या बहिणीचा मुलगा, मुंबईत शिकला, लग्न केलेलं नाही. त्या गावात चार वर्षांपासून एकटा डॉक्टर. लोक त्याला 'डॉक शिरी' म्हणतात.

हॉल म्हणजे कृषी प्रदर्शनाच्या मैदानातला लोकरीचा मंडप. प्रचंड उंच पत्र्याची शेड. दरवर्षी तिथे बक्षीसपात्र लोकर मांडतात. यंदा प्रदर्शन रद्द. किल्ली बेव्ह नावाच्या सत्तरीच्या बाईंकडे होती. स्वतः मेंढ्या पाळणाऱ्या, प्रदर्शनात केकच्या स्पर्धेच्या परीक्षक, कायम गमबूट. सोबत टिंकर नावाचा मेंढ्या हाकणारा कुत्रा. सेविंजनं वर छताकडे बघितलं, हूप भिरकावला, तो तुळयांच्या खालून फिरून बरोबर तिच्या हातात आला. बेव्ह फक्त म्हणाल्या, "दॅट'ल डू, लव्ह." मग आम्ही चौघांनी प्रदर्शनाचे गुंडाळलेले गालिचे अंथरले, जोडांना चिकटपट्टी मारली आणि संध्याकाळी शिरीषकडे वरण-भात खाल्ला. सेविंजनं वरण वाटीनं प्यायलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, म्हणजे बाकूच्या सकाळी नऊला परीक्षा. सकाळी उठून बघते तर अंगणात पांढरं हिव. सेविंजची आंघोळ झाली होती, पण खांदा आखडला होता. ती हात वर करी आणि तो कानाशी येऊन अडके. रात्री ती झोपलीच नव्हती.

मी तेलाची बाटली काढली.

ती म्हणाली, फक्त खांदा. मी बरं म्हटलं. तेल कोमट केलं, तिला हीटरजवळच्या सोफ्यावर पालथं झोपवलं आणि खांद्याला हात लावला. दहा मिनिटांत ती घोरायला लागली. आता इथे उठायला हवं होतं. पण अर्धवट मालीश करणाऱ्यांतली मी नव्हे. खांद्यावरून पाठ, पाठीवरून दंड, दंडावरून मनगट, एकेक बोट. पोरगी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कडेला बसलीय, तिचे हात कुणी दाबले असतील का, असं वाटून माझे डोळे भरून आले आणि मी आणखी तेल घेतलं. वाटीभर जिरवलं. दीड तासानं ती उठली, हात वर केला, तो सरळ आभाळाकडे गेला. तिनं मला मिठी मारली, लांब बाह्यांचं जॅकेट चढवलं आणि आम्ही निघालो.

लोकरीचा मंडप

अडीच वाजता तिनं जॅकेट काढलं आणि चेंडू घेतला. डाव्या मनगटावर ठेवला, की तो दंडावरून, छातीवरून दुसऱ्या मनगटापर्यंत आपोआप घरंगळत जावा, असं ते काम असतं. चेंडू कोपरापर्यंत गेला आणि सुळकन खाली पडला. तिनं पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. मग तिनं स्वतःच्या हाताकडे बघितलं, त्याचा वास घेतला, आणि माझ्याकडे बघितलं.

मी आयुष्यात बऱ्याच चुका केल्या आहेत, पण अशी लख्ख दिसणारी एकही नाही.

ती रागावली नाही. "कसं काढायचं?" एवढंच म्हणाली. तेल कसं काढायचं हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे अभ्यंगाचं तेल डाळीच्या पिठानं काढतात. डाळीचं पीठ शिरीषच्या घरी, घर वीस मिनिटांवर, परीक्षा पंचवीस मिनिटांवर. मी बेव्हना पीठ पीठ म्हणत सुटले. त्यांनी एकही प्रश्न न विचारता मंडपाच्या कँटीनचं कपाट उघडलं आणि स्कोन्सच्या, म्हणजे तिकडच्या छोट्या पावांच्या, पिठाचं पाकीट दिलं. बेकिंग पावडर घातलेलं, फुगणारं पीठ. मी आणि बेव्ह, एकेक हात वाटून घेऊन, तिला मोदकासारखं पिठात घोळवत होतो आणि शिरीष किटलीतल्या गरम पाण्यात पंचे बुडवून देत होता. चोळलं, पुसलं, पुन्हा चोळलं. कोपराच्या वळणात पिठाची लेई झाली. तीनला दोन मिनिटं असताना तिनं हात झटकले आणि आरशात बघून केसांतलं पीठ काढलं.

शिरीषनं फोन शिडीवर बांधला होता. पडद्यावर तीन माणसं होती. मधल्या बाई तिच्या कोच. सेविंज त्यांना खानम, म्हणजे बाई, म्हणाली.

आधी हूप. मला त्यातलं काही कळत नाही, पण बेव्हनी माझं मनगट धरलं आणि संगीत संपेपर्यंत सोडलं नाही. सेविंजनं हूप फेकला तो पत्र्यापर्यंत गेला. ती खाली दोनदा गोल फिरली, गालिच्यावर लोळली, आणि न बघता पाय वर केला. हूप त्या पायात येऊन अडकला. खानम पुढे वाकल्या. तो मोकळा खांदा माझा होता, असं मला वाटलं आणि तेवढ्यापुरती मी स्वतःला माफही करून टाकलं.

मग चेंडू. सुरुवात सुरेख झाली. मी देवाचं नाव घेत होते, आणि इतक्या वर्षांत न केलेले नवस बोलत होते. शेवटाकडे चेंडू तिच्या उजव्या दंडावरून मनगटाकडे निघाला, बोटांशी पोचला आणि बोटं मिटायच्या आत निसटला. गालिच्याबाहेर, सिमेंटवर गेला. टिंकर धावला आणि चुकार मेंढी अडवावी तसा त्याच्यापुढे पोटावर बसला. सेविंज पळत गेली, कुत्र्याच्या नाकासमोरून चेंडू उचलला, परत आली आणि शेवटच्या ठोक्याला दोन्ही हात वर करून उभी राहिली. चेहऱ्यावर हसू तसंच.

खानम थोडं बोलल्या. सेविंजनं मान झुकवली. पडदा काळा झाला. बेव्हनी सगळ्यांसाठी चहा टाकला.

परत

रविवारच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि मी पलीकडच्या बाकावर. मी मनाशी माझा बचाव तयार करत होते. हिव पडलं होतं, गालिच्याला जोड होता, पीठ फुगणारं होतं. बाथर्स्टच्या पुढे फोनला रेंज आली आणि निरोप वाजला. तिनं वाचला, फोन पालथा ठेवला.

"घेतलं नाही," ती म्हणाली. "सोळा वर्षांची मुलगी घेतली. चांगली आहे."

"चेंडूमुळे?" मी विचारलं.

"हो. हूपला मी पहिली होते."

तयार केलेल्या बचावातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. माझ्यामुळे, असं मी म्हटलं, सॉरी म्हटलं, आणि इतक्या मोठ्या गोष्टीला इतका लहान शब्द वापरल्याची लाज वाटली. ती म्हणाली, "तुझ्या तेलामुळे, आणि मी झोपले म्हणून. दोघींमुळे." समजूत घालायला नाही, गुण वाचून दाखवावेत तसं.

मग ती उठून माझ्या बाकावर येऊन बसली.

"मावशी, उद्या सकाळी उठून मी काय करू?"

पाच वर्षांची असल्यापासून तिला हा प्रश्न पडलाच नव्हता. आणि मी, जिनं त्या देशात कुणी न विचारता रोज दहा सल्ले दिले, त्या मला एक सुचेना. म्हणून जे खरं होतं ते सांगितलं. मृणाललाही ते कधी सांगितलेलं नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी साडेपाचला उठले, पोळ्या केल्या, गवारीची भाजी केली, डबा भरला, साडी नेसले, पर्स घेतली, चपला घातल्या आणि दार उघडलं. मग आठवलं. घरात बघायला कुणी नव्हतं; हे जाऊन सहा वर्षं झाली होती. तरी मला इतकी लाज वाटली की मी दार हळूच लावलं.

"मग?"

"मग तशीच, चपलांसकट, टेबलाशी बसले. बँकेत जेवणाची सुट्टी एकला व्हायची. एक वाजेपर्यंत थांबले आणि डबा खाल्ला."

तिचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा मोडला. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आवाज न करता, आणि मीही रडले. डोंगर चढून गाडी खाली लागली तेव्हा तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "आणि मंगळवारी?"

"मंगळवारीही डबा केला," मी म्हटलं. "पण बारालाच खाल्ला."